भार आल्यावर

पुढची चाकं काढली तेव्हा ती स्टँडवर
नाकानं जमीन हुंगत असल्यासारखी दिसली.
एकाहत्तरची स्पिटफायर, वडिलांची.
रंग कागदपत्रांत केशरी, प्रत्यक्षात सांडलेल्या चहाचा.
माझं स्वतःचं म्हणावं असं एक हातोडी,
एक बोथट स्क्रूड्रायव्हर,
आणि अवसान, तेही उसनंच.

स्प्रिंग दाबायचा शिकंजा इद्वलकडून आणला.
जन्मभर पाटीच्या खाणीत फिटर होता तो.
हत्यारांवर आद्याक्षरं कोरलेली;
देताना एकदा पुसून घेतली, एकदा मोजून.
टॉर्क पाना एम्लिनचा,
लाल अस्तराच्या पेटीत बासरीसारखा निजलेला.
दुसऱ्याकडून काय आणलंस, असं
दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.
भिंतीला भिंत लागून घरं,
आणि एका शिडीपायी एकवीस वर्षांचा अबोला.
कुणी कुणाला दिली, कुणी परत केली नाही,
हे बेथेस्डात दोन तऱ्हांनी सांगतात:
चॅपेलला जाणारे एक, न जाणारे दुसरं.

खालचा बोल्ट हलेना.
तीन रात्री तेलात भिजवला, शेगडी दाखवली,
शिव्या दिल्या, आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत.
शेवटी करवत. चार पाती मोडली.
डावीकडचे आटे उलटे असतात
हे कळलं चाळीस मिनिटं
चुकीच्या बाजूला जोर लावल्यावर.

मग पितळेचा ट्रनियन हातात आला, पेरूएवढा, जड.
आत ग्रीस. वाळलेलं, मेणासारखं,
आट्याआट्यात लिंपून बसलेलं.

दर ऑक्टोबरात वडील पाठीवर सरपटत खाली जायचे,
ग्रीसगन छातीशी धरून.
बाहेर दिसायचे फक्त त्यांचे मोजे.
पुस्तकात सरळ लिहिलंय, पान काळं पडलंय तरी वाचता येतं:
इथे ग्रीस नको. तेल घाला, गिअरबॉक्सचं, दाट.
तीस वर्षं त्यांनी या गाडीला जीव लावला
आणि चुकीच्या डब्यातून लावला.
पाणी आत शिरत राहिलं, पोलाद कुरतडत राहिलं.
मानेपाशी नख फिरवलं, नख अडकलं. चीर.
याच चाकावर आम्ही लान्बेरिसची खिंड उतरलो होतो,
मी नऊ वर्षांची, टप उघडा,
अजून जोरात, अजून जोरात म्हणून ओरडत.

गॅरेजच्या उंबऱ्यावर बसले.
राग आला, तो कुठे ठेवावा कळेना.
मग चहा केला.

नवे भाग आठवड्यानं आले, ब्राऊन कागदात.
आटे तेलानं भरले, बोटं भरली, बाही भरली.
सगळं बसलं. फक्त शेवटचं आवळणं उरलं,
आणि ते पुस्तक म्हणतं, भार आल्यावरच:
रबराची बुशं अधांतरी आवळली
तर जन्मभर पीळ पडल्यासारखी राहतात, मग फाटतात.
गाडी जमिनीवर हवी,
प्रत्येक सीटवर दीडशे पौंड.

बटाट्याची पोती नव्हती.
मी दोघांना बोलावलं, एकाला दुसऱ्याबद्दल न सांगता.

अरुंद गाडी. खांद्याला खांदा लागतोच.
चाकांखाली पाटीचे ठोकळे, ठोकळ्यांमधे मी,
हातात एम्लिनचा पाना.
वर इतकी शांतता की स्प्रिंगचं दबणं ऐकू आलं.
टक्, पाना म्हणाला. पहिला बोल्ट.
टक्. दुसरा.
वरून इद्वलचा आवाज, समोरच्या काचेला उद्देशून:
शिडी अॅल्युमिनियमची होती.
बराच वेळ काही नाही.
लाकडाची, एम्लिन म्हणाला.
टक्.
लाकडाची कशी असेल? मीच रंगवली होती ती.
अॅल्युमिनियमला रंग कोण देतं, इद्वल?

नाव घेतलं त्यानं.

चारही बोल्ट तोवर आवळून झाले होते.
मी पहिल्यावर पुन्हा पाना चढवला,
हळूच, उगाच,
आणि वाट पाहत तशीच पडून राहिले.